चौथी-पाचवीच्या मुलांना मनातले कसे विचारायचे?

भारतातल्या किती मुलांना मानसिक विकार आहेत, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला २०१४ साली एकाच निबंधाने दोन उत्तरे दिली. सविता मल्होत्रा आणि बिचित्र नंद पात्रा यांनी तोवर देशात झालेल्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब मांडला होता. वस्त्यांमध्ये, घरोघर केलेल्या १६ पाहण्यांत मिळून १४,५९४ मुले होती. तिथे प्रमाण निघाले ६.४६ टक्के. शाळांमध्ये केलेल्या सात पाहण्यांत ५,६८७ मुले होती. तिथे निघाले २३.३३ टक्के. शाळेच्या फाटकातून आत शिरताच आकडा साडेतीन पटींहून अधिक वाढला.

शाळाच मुलांना आजारी पाडते असा अर्थ यातून काढता येईल, पण तो घाईचा ठरेल. माहिती कोणी दिली, कोणते साधन वापरले, रेघ कुठे ओढली, प्रश्नावलीनंतर तज्ज्ञाने मुलाला प्रत्यक्ष पाहिले की नाही, या प्रत्येक गोष्टीने आकडा हलतो. शालेय मुलांच्या मानसिक आरोग्याची पाहणी कशी करावी याविषयी गेली साठ वर्षे चाललेली चर्चा या हलण्याभोवतीच फिरते. साधारण आठ ते अकरा या वयात, म्हणजे आपल्याकडच्या तिसरी ते सहावीच्या वर्गांत, तो प्रश्न सर्वांत अवघड होतो.

मधली मुले

बालमानसशास्त्राने या वयाकडे फार काळ फारसे लक्ष दिले नाही. फ्रॉइडच्या मांडणीत हा सुप्तावस्थेचा काळ, दोन वादळांमधली शांतता. एरिक्सनने त्याला अधिक मान दिला. कामात तरबेज होण्याची धडपड आणि आपण कमी पडतो ही बोच, यांतली ओढाताण त्याने या वयात पाहिली. शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागलेल्या दिवशी कोणत्याही शाळेत गेलात, तर एरिक्सन वाचायची गरज उरणार नाही.

धोरणे आणि सर्वेक्षणे यांनी मात्र हा गट बराचसा वगळला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १९८०च्या दशकापासून युरोपात चालणारे शालेय मुलांचे मोठे सर्वेक्षण ११, १३ आणि १५ या वयांचे आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मुलांचा गट १३ ते १७ वर्षांचा होता, त्यात ७.३ टक्के प्रमाण आढळले. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता आणि गोवाही नव्हता, हे आपण आठवणीत ठेवायला हवे. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम दहाव्या वर्षापासून सुरू होतो. आयुष्मान भारतचा शालेय आरोग्य कार्यक्रम सहावीपासून. बालवाडीच्या वयासाठी अंगणवाडी आहे, वयात येणाऱ्यांसाठी किशोर कार्यक्रम आहेत. मधल्यांची उंची-वजन आणि दात-डोळे तपासले जातात, मनाची विचारपूस क्वचितच होते.

बेटावरची पहिली मोजणी

पद्धतशीर मोजणीची सुरुवात इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर झाली, आणि ती नेमकी याच वयाच्या मुलांची होती. १९६४-६५मध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटावरच्या सगळ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली. आधी पालक आणि शिक्षक यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. त्यांत ज्यांचे गुण जास्त आले त्यांच्या घरी जाऊन सविस्तर मुलाखती घ्यायच्या आणि मुलाशीही थेट बोलायचे. ही दोन टप्प्यांची रीत पुढे जगभर रुळली. प्रमाण निघाले सुमारे सात टक्के. तीच पद्धत लंडनच्या दाट वस्तीतल्या एका भागात वापरली तेव्हा ते जवळजवळ दुप्पट आले, आणि मुलांचे मन ती राहतात त्या जागेशीही बांधलेले असते हे आकड्यांत प्रथमच ठळकपणे दिसले.

त्या पाहणीतली एक गोष्ट तिच्या टक्केवारीपेक्षा मला महत्त्वाची वाटते. पालकांनी ज्या मुलांकडे बोट दाखवले आणि शिक्षकांनी ज्यांच्याकडे दाखवले, ती बहुतांशी वेगवेगळी मुले होती. दोन्ही याद्यांत असलेली थोडीच. यातले चूक कोण, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि अजूनही विचारला जातो.

तिघांचे तीन जबाब

१९८७मध्ये टॉमस आखेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यासांचा आढावा घेऊन या मतभेदाला माप दिले. आई आणि वडील यांच्या उत्तरांतला मेळ, शून्य ते एकच्या मापावर, सरासरी ०.६० होता. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या भूमिकांतल्या माणसांमधला ०.२८. आणि मूल स्वतःविषयी जे सांगते त्याचा मोठ्यांच्या सांगण्याशी मेळ फक्त ०.२२.

याचा अर्थ लावणारे दोन गट आहेत. एका गटाच्या मते हा मोजमापातला गोंधळ आहे आणि साधने सुधारली, प्रश्न नेटके केले की तो कमी होईल. दुसऱ्या गटाच्या मते यात गोंधळ कमी आणि माहिती जास्त आहे: घरात आदळआपट करणारा मुलगा वर्गात खरोखरच गप्प असतो, आणि आई व बाई दोघीही खरेच सांगत असतात. आज बहुतेक संशोधक दुसऱ्या मताकडे झुकलेले दिसतात. व्यवहारात मात्र तिघांना विचारणे महाग पडते, म्हणून कोणा एकालाच विचारले जाते, आणि तो कोण हे सोयीवर ठरते. शाळेत पाहणी असली की सोयीचा माणूस म्हणजे वर्गशिक्षिका. चाळीस-पन्नास मुलांमागे प्रत्येकी पंचवीस प्रश्नांचा कागद, तोही विद्यार्थ्यांच्या माहितीच्या पोर्टलांवर नोंदी भरण्याच्या कामातून वेळ काढून. दांडगाई करणारी मुले त्या कागदात नीट उतरतात. मागच्या बाकावर काहीच न बोलणारी मुलगी 'त्रास नाही' या रकान्यात जाते.

मग मुलालाच का विचारू नये? रॉबर्ट गुडमन यांनी १९९७मध्ये मांडलेली, जगभर वापरली जाणारी 'बलस्थाने आणि अडचणी' प्रश्नावली पंचवीस विधानांची आहे. पालक आणि शिक्षक ती अगदी लहान मुलांविषयीही भरतात, पण मुलाने स्वतः भरण्याची आवृत्ती अकरा वर्षांपासून पुढे आहे. मरिया कोव्हाक्स यांची नैराश्याची प्रश्नावली सातव्या वर्षापासून चालते. युरोपातल्या १३ देशांत मिळून तयार झालेली 'किडस्क्रीन' आठव्या वर्षापासून. म्हणजे आठ ते दहाच्या मुलाला विचारता येते की नाही, याबाबत खुद्द साधने बनवणाऱ्यांतही एकवाक्यता नाही.

याविषयी जे समजले आहे ते थोडक्यात असे. आठच्या आसपासचे मूल स्वतःच्या भावनांविषयी भरवशाचे सांगू शकते, पण प्रश्न सरळ, एकाच गोष्टीविषयी आणि जवळच्या काळाविषयी हवा. 'गेल्या सहा महिन्यांत' म्हणजे त्याच्या दृष्टीने दिवाळी की दिवाळीआधी, ते त्याला सांगावे लागते. नकारात्मक वाक्ये त्याला चकवतात. हर्बर्ट मार्श यांनी १९८६मध्ये दाखवून दिले की ही चूक कच्चे वाचन असलेल्या मुलांत अधिक होते. त्यामुळे त्यांचे गुण विनाकारण खाली जातात आणि वाचनातली अडचण स्वतःविषयीच्या कमी आदराचा वेष घेऊन अहवालात येते.

आपल्याकडे हा मुद्दा परदेशापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि चर्चेत तो पुरेसा येत नाही. शालेय शिक्षणाची स्थिती मोजणाऱ्या 'असर'च्या २०२४च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो. अचूक आकडा ४८.८ टक्के. अशा वर्गात छापील प्रश्नावली वाटली, तर आपण मन तपासण्याआधी वाचन तपासतो. 'असर'चे कार्यकर्ते घरी जाऊन, एकेका मुलासमोर बसून, तोंडी चाचणी घेतात, ते काही उगाच नाही. मनाच्या पाहण्या मात्र सर्रास कागदावर होतात. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवणे हा स्वस्त उपाय आहे. मग मुले शेजारच्याची खूण पाहून खूण करतात, ही त्यातली नवी अडचण.

भारतातले आकडे

या वयाविषयी देशात जी मोजकी चांगली कामे झाली, त्यांत चंडीगडचे काम पहिले घ्यावे लागेल. २००२मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सविता मल्होत्रा आणि सहकाऱ्यांच्या या अभ्यासात ४ ते ११ वर्षांची ९६३ शाळकरी मुले होती. रटर यांची शिक्षकांसाठीची प्रश्नावली आणि पालकांसाठी मल्होत्रा यांनीच हिंदीत तयार केलेली प्रश्नावली अशा दोन चाळण्यांतून मुले गेली आणि नंतर तज्ज्ञांनी त्यांना तपासले. प्रमाण आले ६.३३ टक्के. हा अभ्यास शाळेतलाच, पण त्याचा आकडा घरोघरच्या पाहण्यांशी जुळतो. प्रश्नावलीवर न थांबता पुढे तपासणी केली की आकडा खाली येतो, याचा हा चांगला दाखला.

बंगळूरचा अभ्यास २००५चा. शोभा श्रीनाथ आणि सहकाऱ्यांनी शहरी मध्यमवर्गीय, झोपडवस्तीतली आणि खेड्यातली अशी १६ वर्षांपर्यंतची २,०६४ मुले पाहिली. प्रमाण १२.५ टक्के, आणि तिन्ही वस्त्यांत लक्षणीय फरक नाही. वर्तमानपत्रांत इतकेच येते. पण त्या १२.५ टक्क्यांत कोण होते? अंथरुण ओले करणारी, विशिष्ट गोष्टीची भीती असणारी, अतिचंचल, तोतरे बोलणारी मुले त्यांत मोठ्या संख्येने होती. विकारामुळे मुलाचे रोजचे जगणे खरोखर अडते का, हे पाहिल्यावर ४ ते १६ वयोगटातला आकडा ५.३ टक्क्यांवर आला. आणि विकार आढळलेल्या मुलांपैकी ३७.५ टक्के कुटुंबांनाच आपल्या मुलाला काही त्रास आहे असे वाटत होते. एकाच अभ्यासातली ही उतरंड: यादीप्रमाणे किती, अडलेली किती, घरच्यांच्या दृष्टीने किती. यातला कोणता आकडा 'खरा' हे संख्याशास्त्र सांगू शकत नाही. पैसा कुठे लावायचा यावर ते ठरते.

गोव्याचा आकडा या सगळ्यांत चमत्कारिक. २००८मध्ये विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात १२ ते १६ वर्षांची २,०४८ मुले होती, म्हणजे आपल्या गटापेक्षा थोडी मोठी. ब्रिटनमध्ये वापरली जाणारी सविस्तर मुलाखतीची पद्धतच वापरली, आणि प्रमाण आले फक्त १.८१ टक्के. ब्रिटनमध्ये त्याच पद्धतीने दहांत एक मूल सापडत होते. गोव्यातली मुले ब्रिटनपेक्षा पाचपट सुखी आहेत का? असतीलही, कुटुंबाचा आधार हे एक कारण अभ्यासकांनी मांडले. पण दुसरी शक्यताही तितकीच जिवंत आहे: इथली माणसे त्रास ज्या शब्दांत सांगतात ते शब्द त्या मुलाखतीत नव्हते.

या शक्यतेला २०१२मध्ये बळ मिळाले. ॲना गुडमन आणि सहकाऱ्यांनी भारत, बांगलादेश, ब्राझील, ब्रिटन, नॉर्वे, रशिया आणि येमेन या सात देशांतल्या २९,२२५ मुलांची माहिती एकत्र केली. एकाच देशात 'बलस्थाने आणि अडचणी' प्रश्नावलीचे गुण उपयोगी पडतात. पण एका देशाचे सरासरी गुण दुसऱ्याशेजारी ठेवून 'इथे विकार जास्त' म्हणता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे ज्यांच्या घरात ही प्रश्नावली तयार झाली त्यांनीच तिच्या मर्यादेची पाटी लावली. तरीही परदेशी रेघ जशीच्या तशी उचलून 'आपल्या जिल्ह्यातील इतके टक्के मुले धोक्यात' म्हणणारे अहवाल निघत राहतात.

सर्वांत मोठी संख्या एनसीईआरटीची. जानेवारी ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांनी त्यांची प्रश्नावली भरली. इयत्ता सहावी ते बारावी, म्हणजे मधल्या गटाचे फक्त शेवटचे टोक. त्यातले '८१ टक्के' मथळ्यांत गाजले, आणि बहुतेकांनी ते असे वाचले की ८१ टक्के मुले चिंताग्रस्त आहेत. तो आकडा चिंतेच्या कारणांचा होता: ५० टक्के मुलांनी अभ्यास म्हटले, ३१ टक्क्यांनी परीक्षा आणि निकाल. चिंता किती, याचे ते उत्तर नव्हते. त्याच अहवालात ७३ टक्के मुले शालेय जीवनाबाबत समाधानी होती, आणि माध्यमिक वर्गांत जाता जाता ते समाधान कमी होत होते. याचा मथळा मला कुठे दिसला नाही.

शब्दांचा प्रश्न

मराठीत हे काम करणाऱ्याला अनुवादापाशी पहिली ठेच लागते. 'खरे नाही, थोडे खरे, अगदी खरे' अशी उत्तरांची पट्टी असते. पहिल्या पर्यायाला कोणी 'खोटे' लिहिले की मुलाला आपण खोटे बोलतोय का अशी शंका येते. 'मला एकटे वाटत नाही' या वाक्यावर आपल्याकडे 'हो, नाही वाटत' आणि 'नाही, नाही वाटत' ही दोन्ही उत्तरे एकाच अर्थाने दिली जातात. चौकटीत खूण कुठे करायची? 'उदास' हा शब्द चौथीच्या मुलाने धड्यात वाचलेला असतो, बोलण्यात वापरलेला नसतो. ते म्हणते, 'करमत नाही', 'रडू येतं', किंवा सरळ 'पोटात दुखतं'. सोमवारी सकाळचे पोट दुखणे हे शाळेच्या भीतीचे जुने, सर्वांना ठाऊक असलेले नाव आहे, पण प्रश्नावलीत ते शारीरिक तक्रारींच्या खात्यात जमा होते. 'टेन्शन' हा शब्द मात्र आता तिसरीतल्या मुलाच्याही तोंडी असतो, आणि त्याचा अर्थ गृहपाठ राहिल्यापासून वडील दारू पिऊन येण्यापर्यंत काहीही असू शकतो.

वाचन टाळण्यासाठी हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची पट्टी वापरतात. ती सोयीची आहे खरी. पण वहीवर हसरा चेहरा हा चांगल्या कामाचा शेरा म्हणून उमटलेला पाहणाऱ्या मुलाला रडक्या चेहऱ्यावर खूण करणे म्हणजे स्वतःला नापास करणे वाटू शकते. वर्गात पाहणी करणाऱ्यांना हमखास ऐकू येणारा प्रश्न हाच: 'बाई, यातलं बरोबर कोणतं?'

नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या आश्रमशाळेत तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. भिली किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलासाठी मराठी प्रश्नावली आणि इंग्रजी प्रश्नावली यांत फरक आहे, पण आपल्याला वाटतो तितका नाही.

त्रास मोजायचा की बरे चालणे?

गेल्या पंचवीस वर्षांत चर्चेने एक वळण घेतले. विकार नसणे म्हणजे मन बरे असणे नव्हे, हे बोलायला सोपे. त्याचा आधार मधल्या वयातूनच आला. २००१मध्ये ग्रीनस्पून आणि सॅक्लोफ्स्की यांनी कॅनडातल्या तिसरी ते सहावीच्या ४०७ मुलांना विकाराची लक्षणे आणि आयुष्याविषयीचे समाधान असे दोन्ही विचारले. लक्षणे नाहीत तरी समाधानही नाही अशी मुले निघाली. लक्षणे आहेत पण एकूण बरे चालले आहे अशीही निघाली. पहिली मुले कोणत्याही चाळणीत सापडत नाहीत.

या दिशेने दोन मोठी कामे उभी राहिली. 'चिल्ड्रन्स वर्ल्ड्स' हे आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण ८, १० आणि १२ या वयांच्या मुलांनाच विचारते: घर, मित्र, शाळा, वेळ कसा जातो, कोणी मारते का, तुझे कोणी ऐकून घेते का. त्याच्या तिसऱ्या फेरीत ३५ देशांतली सव्वा लाखाहून अधिक मुले होती. दुसरे काम कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले. चौथी ते आठवीच्या मुलांनी भरलेल्या प्रश्नावलीतून तिथे प्रत्येक वस्तीचा नकाशा तयार होतो, आणि तो गावाच्या हाती दिला जातो. शाळेत आपल्याला महत्त्व देणारे एक तरी मोठे माणूस आहे का, हा त्यातला एक प्रश्न. कुठल्याही मुलावर शिक्का न मारता गावाला काहीतरी करायला लावणारा.

विकार मोजणाऱ्यांचा यावर आक्षेप आहे, आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. समाधानाचे आकडे नेहमी वरच्या बाजूला गर्दी करतात. मुले बहुधा चांगलेच सांगतात. सर्वांच्या सरासरीकडे पाहताना ज्या थोड्यांना उपचाराची निकड आहे ती नजरेआड होतात. शिवाय 'आनंद' हा शब्द सरकारी यंत्रणांना फार लवकर आवडतो. दिल्लीने २०१८मध्ये आठवीपर्यंत आनंदाचा अभ्यासक्रम आणला, महाराष्ट्रात २०२४मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आला. उपक्रम चांगलेच आहेत. त्यांच्या आधी आणि नंतर मुलांना एकाच साधनाने विचारले गेले असते, तर आज आपल्याला बोलता आले असते.

विचारले, पुढे काय?

सर्वांत तापलेला वाद इथे आहे: प्रत्येक मुलाला चाळणी लावावी का?

बाजूने बोलणारे सांगतात की या वयातला त्रास मूक असतो, घरच्यांना दिसत नाही (बंगळूरचा ३७.५ आठवावा) आणि लवकर हाती लागला तर सोपा असतो. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२मध्ये ८ ते १८ वर्षांच्या मुलांची चिंतेसाठी चाळणी करावी अशी शिफारस केली. त्याच वेळी नैराश्याच्या चाळणीसाठी मात्र १२च्या खाली पुरावा अपुरा आहे असे सांगितले. दोन्ही निर्णय दवाखान्यातल्या चाळणीविषयी आहेत, वर्गातल्या नव्हे. उद्धृत करणारे हे विसरतात.

विरोधात बोलणाऱ्यांचे एक उत्तर अंकगणिताचे आहे. समजा, हजार मुलांत सत्तर जणांना खरोखर विकार आहे. चाळणी बऱ्यापैकी चांगली धरू: त्रास असलेल्या शंभरांतील ऐंशी पकडते, नसलेल्या शंभरांतील पंच्याऐंशींना सोडते. सत्तरांतील ५६ सापडतील, १४ निसटतील. उरलेल्या ९३०पैकी सुमारे १४० मुले विनाकारण अडकतील. मुख्याध्यापकांच्या टेबलावर १९६ नावांची यादी येईल, आणि तिच्यातल्या दर सात नावांपैकी दोघांनाच मदतीची गरज असेल. दुसरा टप्पा नसेल तर ही यादी फक्त कुजबुजीला कारण होते. दुसऱ्या टप्प्याला माणसे लागतात, आणि आपल्याकडे लाख लोकसंख्येमागे मानसोपचारतज्ज्ञ सरासरी एकसुद्धा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना समुपदेशक नेमण्यास सांगितले. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेच्या असंख्य शाळांचा पट शंभराच्या खालीच आहे. त्यांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे अशी अपेक्षा आहे.

दुसरे उत्तर नाजूक आहे. सतत विचारल्याने साधी नाराजीही आजारासारखी वाटू लागते का? लुसी फोक्स आणि जॅक अँड्र्यूज यांनी २०२३मध्ये जनजागृतीच्या मोहिमांविषयी असा तर्क मांडला. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या मुलांना सरसकट सजगतेचे धडे देण्याच्या मोठ्या प्रयोगाचा २०२२मध्ये काहीच फायदा दिसला नाही, याचाही आधार दिला जातो. तर्काला विरोध करणारे म्हणतात की विचारण्याने इजा होते याचा पुरावा नाही. न्यूयॉर्क राज्यात २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आत्महत्येविषयी विचारल्याने त्रास वाढला नाही, हे खरे. पण ती मुले १३ ते १९ वर्षांची होती. नऊ वर्षांच्या मुलाबाबत दोन्ही बाजूंकडे मत आहे, पुरावा तुटपुंजा. तोवर शाळांतल्या पाहण्यांमध्ये कोव्हाक्स यांच्या प्रश्नावलीतला आत्महत्येविषयीचा तो एक प्रश्न अनेकदा गाळला जातो. उत्तर आले तर करायचे काय, याची तयारी नसते म्हणून. प्रामाणिक कारण आहे, पण अस्वस्थ करणारे.

याला लागूनच नावाचा प्रश्न येतो. निनावी कागदावर मूल मोकळे होते. पण त्याने काही गंभीर लिहिले तर ते कोणाचे, हे कळत नाही. नाव घातले की उत्तर सावध होते. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढच्याची लेखी सहमती घ्यावी लागते, पालकांच्या संमतीशिवाय वेगळी. २०२३च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठराखालच्या सर्वांसाठी पालकांची पडताळता येणारी संमती अनिवार्य केली, संशोधन आणि सांख्यिकीला काही सूट ठेवून. कायद्याची बाजू अशी हळूहळू स्पष्ट होते आहे. संमतीपत्र सही होऊन परत आणणारी मुले कोणत्या घरांतली असतात, आणि न आणणारी कोणत्या, हा मात्र कायद्याबाहेरचा प्रश्न आहे.

या सगळ्यात मधला मार्ग सुचवणारेही आहेत. त्यांच्या मते या वयात पाहणीचे माप मूल नसावे, वर्ग असावा. बिहारमध्ये नववीच्या मुलांसाठी झालेल्या 'सेहेर' प्रयोगात (२०१८) शाळेतले वातावरण मोजले गेले. प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकाने राबवलेला कार्यक्रम यशस्वी ठरला, तोच कार्यक्रम शिक्षकांनी राबवला तेव्हा फरक पडला नाही. वातावरण मोजता येते, बदलते, आणि कोणाही मुलाच्या दाखल्यावर डाग पडत नाही. मला हा मार्ग पटतो. तरी प्राथमिक वर्गांत तो चालतो का, हे अजून कोणी दाखवायचे आहे, आणि वर्गाची सरासरी पाहणाऱ्याच्या हातून ती मागच्या बाकावरची मुलगी पुन्हा निसटू शकते.

हजेरीपटावर नसलेले

शेवटची अडचण सर्वच पद्धतींना सारखीच लागू आहे. शाळेतली पाहणी त्या दिवशी हजर असलेल्यांची असते. ज्याला शाळेची भीती वाटते, ज्याचे पोट दुखते, ज्याला घरी धाकट्याला सांभाळायला ठेवले आहे, तो त्या दिवशी नसण्याची शक्यता अधिक. घरोघरच्या पाहणीतही कुलूप असलेली घरे सुटतात. बीड, धाराशिव, परभणीकडच्या वाड्या-तांड्यांवर दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला कोयते, म्हणजे तोडणाऱ्या जोड्या, निघतात आणि साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, परत येत नाहीत. हंगामी वसतिगृहात राहिलेली काही मुले सोडली तर बाकीची आईबापांबरोबर फडात असतात. दहा वर्षांची मुलगी तिथे पाणी भरते, धाकट्याला कडेवर घेते. एनसीईआरटीची प्रश्नावली भरली गेली ती जानेवारी ते मार्च या महिन्यांत.